हवामानाचीं चित्रें आणि तांबड्या रंगाचे चार अर्थ

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं पंचांग काढून प्रत्येक नक्षत्राचें वाहन कोणतें आहे, हें पाहण्याचा परिपाठ आपल्याकडे फार जुना आहे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती हें वाहन असल्यास पाऊस भरपूर. मोर, गाढव किंवा उंदीर असल्यास मध्यम. कोल्हा किंवा मेंढा असल्यास थोडा. आणि घोडा असल्यास तो डोंगरमाथ्यावर, असा संकेत ठरलेला आहे. नक्षत्रें मोजून त्या संख्येस नवानें भागावें व जो शेष राहील त्यावरून वाहन ठरवावें, असें हें गणित आहे. त्यांत समुद्राचा, वाऱ्याचा किंवा ढगांचा हिशेब नसतो. त्यामुळें त्यावर भरंवसा ठेवून पेरणी करावी असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. परंतु या योजनेंत एक शहाणपण खचित आहे. ज्यास अक्षर वाचतां येत नाहीं त्यासही बेडूक व कोल्हा ओळखतां येतो, आणि चित्रानें सांगितलेली गोष्ट घरोघर पोहोंचून स्मरणांत राहते.

हल्लीं हवामानशास्त्रज्ञांनींही हाच मार्ग धरिला आहे. पृथ्वीची उष्णता वाढत आहे व पावसाची रीत बदलत आहे, ही गोष्ट आंकड्यांच्या कोष्टकांनीं लोकांच्या मनांत ठसत नाहीं. म्हणून ती आतां रंगांनीं, रेषांनीं व नकाशांनीं सांगण्यांत येते. वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर व हातांतील मोबाइलवर अशीं चित्रें पावसाळ्यांत रोज येतात. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या भागांत, म्हणजे उल्हास व वालधुनी या नद्यांच्या आसपास, ज्यांची भातजमीन अद्याप शिल्लक आहे, त्यांच्या लावणीचा, गुराढोरांच्या जीविताचा व पुष्कळदां जमिनीच्या किंमतीचाही निर्णय या चित्रांवर अवलंबून राहूं लागला आहे. असें असतां तीं वाचावीं कशीं, हें आपणांस कोणीं शिकविलेलें नाहीं.

सात-बाराचा उतारा न वाचतां जमिनीचा व्यवहार करणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. हवामानाचें चित्र हाही एक प्रकारचा उताराच आहे. त्यास मथळा असतो, माप असतें, काळ असतो, आणि त्यांत काय लिहिलेलें नाहीं हेंही पाहावें लागतें. विशेषतः तांबडा रंग चार निरनिराळ्या चित्रांत चार निरनिराळे अर्थ धारण करितो, व त्यांतून होणारा घोटाळा नुकसानीस कारण होतो. म्हणून त्या चार चित्रांचा येथें क्रमानें विचार करितों.

१. पट्ट्यांचें चित्र

इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठांतील एड हॉकिन्स या शास्त्रज्ञानें २०१८ सालीं एक अगदीं साधें चित्र प्रसिद्ध केलें. सतरंजीवर असाव्या तशा शेजारींशेजारीं उभ्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी म्हणजे एक वर्ष. जें वर्ष ठराविक काळाच्या सरासरीपेक्षां थंड, त्याची पट्टी निळी. जें उष्ण, त्याची तांबडी. फरक जितका अधिक तितका रंग गडद. चित्रांत आंकडा नाहीं कीं अक्षर नाहीं. सर्व पृथ्वीच्या पट्ट्यांत डावीकडे एकोणिसाव्या शतकांतील वर्षें बहुतेक निळीं दिसतात, व उजवीकडे येतां येतां तीं तांबडीं होत होत अखेरीस काळसर तांबडीं होतात. निरनिराळ्या देशांच्या अशा पट्ट्या तयार झाल्या आहेत, भारताच्याही आहेत.

येथें तांबडा म्हणजे सरासरीपेक्षां उष्ण वर्ष, इतकाच अर्थ. किती उष्ण, हें चित्र सांगत नाहीं; तो आंकडा निराळा पाहावा लागतो. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढलें. सर्व पृथ्वीचा विचार केला तर २०२४ हें वर्ष तोंवर मोजलेल्या सर्व वर्षांत उष्ण ठरलें, व जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानें तें १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीहून सुमारें दीड अंशानें अधिक होतें.

यावर कित्येक शेतकरी विचारतात कीं, सकाळ व दुपार यांत दहा-बारा अंशांचा फरक रोजच पडतो, मग अर्ध्या-पाऊण अंशानें काय बिघडतें? या प्रश्नाचें उत्तर पैसेवारीच्या अनुभवावरून देतां येईल. तालुक्याची सरासरी पैसेवारी चार पैशांनीं उतरली तर ऐकणारास तें क्षुल्लक वाटतें. परंतु जीं गांवें ५१, ५२ किंवा ५३ पैशांवर कशीबशी उभीं असतात, तीं सर्व एकदम ५० च्या आंत येतात व टंचाईची ओरड सुरू होते. सरासरी थोडी सरकली म्हणजे सीमेवरचे पुष्कळ सीमेपलीकडे जातात. तपमानाचेंही तसेंच आहे. सरासरी पाऊण अंशानें वाढली म्हणजे जे दिवस पूर्वीं सोसण्याजोगे होते त्यांपैकीं कित्येक दिवस असह्य होतात, आणि मोहोर, फळधारणा व दुभत्या जनावरांचें दूध यांवर त्याचा परिणाम होतो.

पट्ट्यांचें चित्र कारणही सांगत नाहीं. तें समजण्यास दुसरें एक रेषाचित्र पाहावें लागतें. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड वायूचें नित्य मापन सुरू केलें. त्या वेळीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ३१५ भाग होता. आतां तो ४२० भागांच्या वर गेला आहे. कीलिंगची रेषा करवतीच्या दांत्यांप्रमाणें दरसाल थोडी खालीं उतरते व पुन्हां वर चढते. उत्तर गोलार्धांतील झाडें, पिकें व गवत वाढीस लागलीं म्हणजे तीं हा वायु शोषून घेतात, तेव्हां रेषा उतरते. पानें झडून कुजूं लागलीं म्हणजे चढते. परंतु दर वर्षाचा दांता मागील वर्षाच्या दांत्याहून उंच असतो, कारण कोळसा व खनिज तेल जाळून आपण जो वायु सोडतों तो सर्वच्या सर्व शोषला जात नाहीं. हा वायु पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊं देण्यास अडथळा करितो, व त्यामुळें पट्ट्या तांबड्या होत आहेत.

२. पावसाचा नकाशा

भारतीय हवामान विभाग, जो १८७५ सालीं स्थापन झाला, तो पावसाळ्यांत जिल्ह्याजिल्ह्यांचा रंगीत नकाशा प्रसिद्ध करितो. १ जूनपासून त्या तारखेपर्यंत जितका पाऊस सरासरीनें व्हावयास हवा, त्याच्याशीं प्रत्यक्ष पावसाची तुलना करून हे रंग दिलेले असतात. गडद निळा म्हणजे सरासरीहून ६० टक्के किंवा त्याहून अधिक. फिकट निळा म्हणजे २० ते ५९ टक्के अधिक. हिरवा म्हणजे १९ टक्के कमी किंवा अधिक, अर्थात् साधारण. तांबडा म्हणजे २० ते ५९ टक्के तूट. आणि पिवळा म्हणजे ६० टक्क्यांपासून पुढें तूट. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं येथें तांबडा म्हणजे पाऊस कमी, आणि पिवळा हा तांबड्याहूनही वाईट.

या नकाशांत मोठी उणीव अशी कीं तो बेरीज दाखवितो. पाऊस कसा पडला, हें दाखवीत नाहीं. लावणीच्या वेळीं वीस दिवस आभाळ कोरडें राहावें, राब करपून जावा, आणि मग दोन दिवसांत सर्व महिन्याचा पाऊस कोसळून बांध फुटावे, असें झालें तरी महिन्याची बेरीज साधारणच भरते व जिल्हा नकाशावर हिरवा दिसतो. शेतकरी मात्र दोन्ही बाजूंनीं बुडालेला असतो.

हवामानबदलाचें आपल्याकडील मुख्य लक्षण नेमकें याच उणिवेंत दडून राहतें. वर सांगितलेल्या २०२० सालच्या अहवालांत असें दिलें आहे कीं १९५१ ते २०१५ या काळांत देशांतील मोसमी पावसाची बेरीज सुमारें ६ टक्क्यांनीं घटली, व ही घट गंगेच्या मैदानांत आणि सह्याद्रीच्या रांगांत विशेष दिसून आली. उलट पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर एकाच वेळीं होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. बेरीज कमी व तडाखा अधिक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत. हवेचें तपमान एक अंशानें वाढलें म्हणजे तींत सुमारें ७ टक्के अधिक बाष्प मावतें. म्हणून ती पाणी दीर्घकाळ धरून ठेवूं शकते व सोडूं लागली म्हणजे एकदम सोडते. ज्यानें केवळ बेरजेचें चित्र पाहिलें त्यास वाटेल, फारसें कांहीं बदललें नाहीं. ज्यानें अतिवृष्टीच्या दिवसांचें चित्र पाहिलें त्यास निराळेंच दिसेल.

दुसरी उणीव अंतराची. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें ३७ इंचांहून अधिक पाऊस झाला. मिलिमीटरानें ज्यांस अंदाज येत नाहीं त्यांनीं असा हिशेब करावा: एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें ४,०४७ लिटर पाणी. तेव्हां ९४४ मिलिमीटर म्हणजे एकरीं ३८ लाख लिटर. त्याच दिवशीं त्याच शहरांत कुलाब्याच्या वेधशाळेंत केवळ ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका शहराच्या दोन टोकांत इतकें अंतर पडतें, तर मुंबईच्या चित्रावरून बदलापूरच्या शेताचा अंदाज कसा करावा? समुद्राचा गार वारा कुलाब्यास लागलीच मिळतो. तो बदलापुरापर्यंत येतां येतां तापतो. म्हणून उन्हाळ्यांतील तपमानाच्या बाबतींतही मुंबईचें चित्र आपलें चित्र नव्हे.

३. इशाऱ्याचे रंग

ज्यांस सर्वत्र ‘यलो अलर्ट’, ‘ऑरेंज अलर्ट’ व ‘रेड अलर्ट’ म्हणतात, ते हवामान विभागाचे इशारे हें तिसरें चित्र. यांत हिरवा म्हणजे इशारा नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारींत राहा. तांबडा म्हणजे आतां हातपाय हलवा. पावसाचीं मापेंही ठरलेलीं आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर झाला तर तो मुसळधार, ११५.६ ते २०४.४ झाला तर अतिमुसळधार, आणि त्याहून अधिक झाला तर अत्यंत मुसळधार. २०४ मिलिमीटर म्हणजे एकरीं सव्वाआठ लाख लिटर, हें वरील हिशेबानें निघेल.

दुसऱ्या चित्रांत तांबडा म्हणजे पाऊस कमी होता. येथें तांबडा म्हणजे पाऊस फार. एकाच मोबाइलवर एकाच सकाळीं हीं दोन्ही चित्रें आलीं म्हणजे मथळा न वाचणारा फसतो. शिवाय आमचे कांहीं मित्र म्हणतात कीं, तांबडा इशारा दिला व आमच्याकडे ऊन पडलें, तेव्हां यावर विश्वास ठेवूं नये. त्यांचा अनुभव खोटा नाहीं. परंतु हा रंग बहुधा सबंध जिल्ह्यास दिलेला असतो, आणि ठाणें जिल्ह्यांत खाडीकांठही येतो व मुरबाड-शहापूरचे डोंगरही येतात. मुरबाडास धो धो पाऊस पडत असतां उल्हासनगरास रस्ता कोरडा असूं शकतो. रंगानें शक्यता सांगितलेली असते. प्रत्येक शेतावर पाऊस पडेलच असा दाखला दिलेला नसतो.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आपल्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं मनांत धरावी. उल्हास नदी खंडाळ्याच्या बाजूस राजमाचीच्या परिसरांत उगम पावते व कर्जत, नेरळ, वांगणी असें करीत बदलापुरास येते. तिचें उगमाकडील खोरें पुणें जिल्ह्याच्या घाटमाथ्यास लागलेलें आहे, व कर्जत तालुका रायगड जिल्ह्यांत मोडतो. म्हणजे बदलापूरच्या कांठीं जें पाणी चढतें, त्याचा मोठा भाग दुसऱ्या जिल्ह्यांतील डोंगरांवर पडलेला असतो. ठाणें जिल्ह्याचा रंग पिवळा आहे म्हणून निश्चिंत राहणें हें अशा वेळीं घातक होय. नकाशावर रायगडचा व पुण्याच्या घाटमाथ्याचा रंगही पाहावा. २६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली, आणि २७ तारखेस हजाराहून अधिक उतारूंस तेथून बाहेर काढावें लागलें. रुळांवर इतकें पाणी आलें, त्या रात्रीं नदीकांठच्या गोठ्यांची काय अवस्था झाली असेल हें सांगावयास नको. जनावरांचें दावें रात्रीं सोडून ठेवावें कीं नाहीं, पंप काढून वर आणावा कीं नाहीं, हा निर्णय संध्याकाळीं रंग पाहून करावयाचा असतो. मध्यरात्रीं पाणी दारांत आल्यावर तो करतां येत नाहीं.

वालधुनीची गोष्ट वेगळी आहे. ती अंबरनाथच्या जवळच्या डोंगरांतून निघून अंबरनाथ व उल्हासनगर यांतून वाहत कल्याणच्या बाजूस उल्हासेस मिळते. तिचा प्रवास लहान, कांठ दोन्ही बाजूंनीं बांधकामांनीं आवळलेले. त्यामुळें तेथें स्थानिक पावसाचेंच पाणी थोड्या वेळांत चढतें. तिच्या कांठच्या लोकांनीं आपल्या डोक्यावरील ढगाकडे व आपल्याच जिल्ह्याच्या रंगाकडे अधिक लक्ष द्यावें.

४. पूररेषांचा नकाशा

चौथें चित्र जमिनीच्या मालकांस सर्वांत झोंबणारें आहे. जलसंपदा खातें नद्यांच्या दोन्ही तीरांवर निळी व तांबडी अशा दोन पूररेषा आंखतें. उल्हास नदीच्या पूररेषांवरून बदलापूर भागांत पुष्कळ वादंग झाला, कारण रेषेच्या आंत आलेल्या जमिनीवर बांधकामास बंधनें येतात व तिचा भाव उतरतो.

या चित्रांत रंगांचा अर्थ पुन्हां उलटतो. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराचें पाणी जेथपर्यंत पोहोंचतें ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या मोठ्या पुराची ती तांबडी. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र, आणि निळी व तांबडी यांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र. अर्थात् तांबडी रेषा नदीपासून अधिक दूर असते, व अधिक धोका निळ्या रेषेच्या आंत असतो. तांबडा म्हणजे अधिक भयंकर, या समजुतीनें कित्येक लोक आपली जमीन तांबड्या रेषेपासून पुष्कळ आंत, नदीकडे आहे म्हणून आनंद मानतात. वस्तुतः त्यांनीं अधिक काळजी करावयास हवी.

तशीच ‘२५ वर्षांतून एकदां’ या शब्दांची फसवणूक. २००५ सालीं पूर आला, आतां २०३० पर्यंत भय नाहीं, असा याचा अर्थ करणें चूक आहे. याचा अर्थ इतकाच कीं कोणत्याही एका वर्षीं असा पूर येण्याचा संभव शेंकडा ४ आहे. गतवर्षीं येऊन गेला तरी यंदाचा संभव तितकाच राहतो. गणित केलें असतां २५ वर्षांच्या मुदतींत असा पूर निदान एकदां येण्याचा संभव शेंकडा ६४ निघतो. तांबड्या रेषेचा पूर दरसाल शेंकडा १ या प्रमाणांत संभवतो. तरी ३० वर्षांच्या मुदतींत तो शेंकडा २६ होतो, म्हणजे घरावर तीस वर्षांचें कर्ज काढणारानें तो जमेस धरावाच. आणि हीं प्रमाणें मागील नोंदींवरून काढलेलीं असतात. अतिवृष्टीचे प्रसंग वाढत असतील तर जुन्या नोंदींवरून काढलेली रेषा भविष्यांत अपुरी पडण्याचा संभव आहे.

म्हणून रेषा म्हणजे खात्यानें शेतकऱ्यावर केलेला अन्याय, असें सरसकट म्हणणें आम्हांस पटत नाहीं. तसेंच रेषा आंखली म्हणजे ती ब्रह्मवाक्य झाली, असेंही नाहीं. मोजणी कोणत्या वर्षींची, किती पाणी सोडल्याचें धरलें आहे, त्यानंतर नदींत व कांठावर किती भराव झाला, हे प्रश्न विचारण्याचा मालकास पूर्ण हक्क आहे. भातखाचरांत मुरूम-मातीचा भराव टाकून जमीन उंच केली म्हणजे त्या खाचरांत मावणारें पाणी कोठें तरी जाणारच, आणि तें शेजाऱ्याच्या शेतांत जातें. एकानें भरावाचे पैसे घ्यावे व दुसऱ्याच्या घरांत पाणी शिरावें, हा प्रकार नकाशावर रंगवून दाखविला तर गांवकीच्या बैठकींत पुष्कळ बोलणीं आपोआप सरळ होतील.

५. चित्र कोठें खोटें बोलतें

येथें आमचा स्वतःचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे. महसुली नोकरींत असतां एका कचेरींत पावसाची नोंदवही आमच्याकडे होती. पर्जन्यमापकांतील पाणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजावयाचें असा नियम. एकदां लागोपाठ सुट्या आल्या व तीन दिवस कोणी मापकाकडे फिरकलें नाहीं. चौथ्या दिवशीं भांड्यांत जमलेलें सर्व पाणी आम्हीं एकाच तारखेस लिहिलें व मागील तारखांपुढें शून्यें मांडलीं. महिन्याची बेरीज बरोबर आली, म्हणून कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. आज त्या वहीवरून कोणी चित्र काढील तर त्यांत तीन दिवसांचा कोरडा खंड व त्यानंतर एक अतिवृष्टीचा दिवस दिसेल. प्रत्यक्षांत दोहोंपैकीं कांहींच झालें नव्हतें. चित्र सुंदर असलें तरी तें ज्या वहीवरून निघतें तिच्याहून अधिक खरें असूं शकत नाहीं. शास्त्रज्ञ अशा नोंदी शेजारच्या केंद्रांशीं ताडून पाहतात, हें खरें. तथापि लिहिणारानें नीट लिहिणें हाच मूळ उपाय होय.

दुसरी लबाडी मापाची. उभ्या रेषेवरील आंकडे शून्यापासून सुरू न करतां मधूनच सुरू केले तर लहान फरक डोंगराएवढा दिसतो. उलट माप फार मोठें धरलें तर खरा फरकही सपाट होतो. तिसरी लबाडी काळाची. एखाद्या फार ओल्या वर्षापासून चित्र सुरू केलें तर पाऊस घटत चालला असें दिसतें. कोरड्या वर्षापासून सुरू केलें तर वाढत चालला असें दिसतें. म्हणून हवामानाची सरासरी निदान ३० वर्षांची धरण्याचा प्रघात आहे. यास्तव कोणतेंही चित्र हातीं आलें म्हणजे चार प्रश्न विचारावे: हें कोणत्या ठिकाणाचें? कोणत्या काळाचें? कोणत्या मापानें? आणि यांतील रंगाचा अर्थ कोठें लिहिला आहे? चारांपैकीं एकाचेंही उत्तर चित्रावर नसेल तर तें दुसऱ्यास पाठवूं नये.

६. आपल्या गांवचें चित्र

शाळांच्या भिंतींवर हवामानबदलाचें चित्र म्हणून बर्फावर उभें असलेलें पांढरें अस्वल काढलेलें आम्हीं पाहिलें आहे. त्या प्राण्याविषयीं आम्हांस करुणा वाटते; परंतु भात लावणाऱ्या माणसास तें चित्र काय सांगणार? लोकांस हवामानबदल समजावयाचा असेल तर त्यांच्या गांवचें चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असलें पाहिजे, आणि तें काढण्यास विद्यापीठाची गरज नाहीं.

सोसायटीची किंवा चावडीची एक भिंत घ्यावी. तहसील कचेरींतून आपल्या भागाच्या मागील ३० वर्षांच्या पावसाच्या नोंदी मागवाव्या. अलीकडच्या वर्षांसाठीं महसूल मंडळांत बसविलेल्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदीही मिळूं शकतात. चार बोटें रुंदीची एक पट्टी याप्रमाणें तीस वर्षांस साडेसात फूट भिंत पुरते. सरासरीहून अधिक पावसाच्या वर्षास निळा व कमी पावसाच्या वर्षास तपकिरी रंग द्यावा. तांबडा मुळींच वापरूं नये. त्याचे चार अर्थ आधींच झालेले आहेत. शिवाय कांहीं पुरुषांस जन्मतःच तांबडा व हिरवा यांतील भेद दिसत नाहीं, म्हणून प्रत्येक पट्टीखालीं वर्ष व मिलिमीटर हे आंकड्यांत लिहावे.

त्या पट्टीच्या खालीं दुसरी ओळ असावी. त्या वर्षीं ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस जितके दिवस झाला तितके टिपके तेथें द्यावे. तिसऱ्या ओळींत जुलै व ऑगस्ट महिन्यांत लागोपाठ जास्तींत जास्त किती दिवस कोरडे गेले, तितक्या लांबीची काळी रेघ ओढावी, २.५ मिलिमीटरच्या आंतील दिवस कोरडा धरावा. ह्या तीन ओळी एकत्र पाहिल्या म्हणजे बेरजेच्या नकाशांत जें दडून राहतें तें सर्व उघडें पडेल. हळवें भात घ्यावें कीं गरवें, राब दोन वेळां टाकावा काय, बांधास सांडवा किती रुंद ठेवावा, पीकविमा उतरावा कीं नाहीं, या प्रश्नांची चर्चा त्या भिंतीपुढें उभें राहून करतां येईल.

पुढील नोंदीसाठीं गांवांत एक पर्जन्यमापक ठेवावा. तो उघड्यावर असावा. जवळचें झाड किंवा भिंत जितकी उंच असेल तिच्या निदान दुप्पट अंतर मध्यें सोडावें. रोज सकाळीं साडेआठ वाजतां माप घ्यावें, व न घेतल्यास न घेतलें असेंच लिहावें. शून्य लिहूं नये. हें काम शाळेंतील वरच्या वर्गांतील मुलांकडे सोंपविल्यास तीं आनंदानें करतील.

शेवटीं पुराची खूण. नदीकांठच्या गांवांत २००५ व २०१९ सालीं पाणी कोठपर्यंत आलें होतें, हें सांगणारीं माणसें अद्याप हयात आहेत. त्यांस नेऊन देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ती पातळी दाखवावयास लावावी व तेथें आडवी रेघ ओढून साल कोरावें. अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे, व त्यावरून नऊशें साठांहून अधिक वर्षांनंतरही आपण त्या देवालयाचा काळ सांगूं शकतों. दगडावर साल कोरून ठेवण्याची विद्या या भूमीस नवी नाहीं. बाहेरून येऊन कांठावर जागा घेणाऱ्या कुटुंबास पूररेषांचा नकाशा कदाचित् कोणी दाखविणार नाहीं. परंतु देवळाच्या भिंतीवर आपल्या छातीइतक्या उंचीवर कोरलेली २०१९ ची रेघ तें स्वतः पाहील, आणि मुलांस कोणत्या मजल्यावर निजवावें हें ठरवील.

येत्या मृगापूर्वीं ज्या गांवांत अशी एक भिंत रंगविली जाईल, तेथील बंधूंनीं नोंदी मिळवितांना आलेल्या अडचणी व चित्र पाहून गांवांत झालेली चर्चा मासिकाकडे अवश्य कळवावी, म्हणजे इतर गांवांस तिचा उपयोग होईल.